कुजबुजे गप्प बसले

आमच्या नाटक मंडळीत एक माणूस असा होता, की त्याचा आवाज आम्ही सगळ्या नटांनी ऐकला होता आणि प्रेक्षकांपैकी एकानेही नाही. तो आमचा प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत बुटक्या स्टुलावर, मांडीवर नाटकाची संहिता घेऊन तो बसायचा. कुणी वाक्य विसरला की नटाच्या कानापर्यंत पोचेल पण पहिल्या रांगेपर्यंत जाणार नाही, अशा बेताने पुढचा शब्द सोडायचा. त्या कुजबुजीवरून आम्ही त्याला ‘कुजबुजे’ म्हणायला लागलो. नाव असं चिकटलं की नवी मंडळी ते आडनावच समजत. एका थिएटरच्या मॅनेजरने तर ‘श्री. व सौ. कुजबुजे’ अशी निमंत्रणपत्रिका धाडली. ती वाचून कुजबुज्यांची बायको म्हणाली, “लग्नात एकदा आडनाव बदललं ते पुरेसं नव्हतं वाटतं?”

पण त्यांची खरी विद्या शब्द सांगण्यात नव्हती, न सांगण्यात होती. आमच्यातले एक बुजुर्ग नट ऐन वाक्यात थांबायचे. हातातला पेला टेबलावर ठेवायचे, खिडकीपर्यंत जायचे, बाहेर बघायचे. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! कुजबुजे रजेवर असताना एका बदली प्रॉम्प्टरने त्या शांततेला घाबरून पुढचं वाक्य सोडलं. बुजुर्ग तिथल्या तिथे विंगेकडे वळले आणि म्हणाले, “तूच ये बाबा इकडे, मी बसतो स्टुलावर!” लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. टाळी पडली. कुजबुज्यांच्या हातून असं कधी झालं नाही. मी एकदा विचारलं, “अहो, माणूस थांबलाय की विसरलाय, हे तुम्हाला कळतं तरी कसं?”

ते म्हणाले, “सोपं आहे बाई. विसरलेल्याची नजर विंगेकडे येते. थांबलेल्याची येत नाही.”

पुढे मंडळी पांगली. आमचं थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. आम्ही दोघं मात्र एकाच इमारतीत म्हातारे झालो. मी पहिल्या मजल्यावर, कुजबुजे माझ्या डोक्यावर, आणि आमच्या दोघांच्या पायाखाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. कुजबुज्यांची बायको गेली. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायला जायची, जावई नोकरीनिमित्त परगावी. लेकीची लेक पाच वर्षांची, आणि तिला सगळे ‘भिंगरी’ म्हणायचे. का, ते तिला एकदा पाहिलं की कुणीही सांगावं. शाळा सुटली की भिंगरी आजोबांकडे यायची आणि संध्याकाळी आई येऊन तिला घरी न्यायची.

भिंगरी एका जागी टिकायची नाही. केसांची एक वेणी घालून झाली की दुसऱ्या वेणीच्या आधीच जिन्यात. चित्र काढायला बसली तर मांजराला तीन पाय काढून व्हायचे आणि ही खिडकीत. तिच्या मांजरांना चौथा पाय कधी मिळालाच नाही. कुजबुजे कौतुकाने म्हणायचे, “लंगडी घालणारी मांजरं आहेत ती, बाई.”

एका संध्याकाळी मी वाटीभर साखर मागायला वर गेले, तर लेक दारातच उभी. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

“बाबा, आज टीचरनी थांबवून घेतलं मला. सगळ्या मुलांचं काम पूर्ण होतं, हिचं एकटीचं अर्धं राहतं. म्हणाल्या, घरी सवय लावा.”

“लावू की! त्यात काय एवढं!”

“वर्षभर हेच म्हणताय तुम्ही. मी एक ठिकाण बघून आलेय. शाळेच्या मागेच आहे. दुपारभर मुलांना सांभाळतात, बसवतात, करून घेतात. सुट्टी संपली की तिला तिकडे घालते. संध्याकाळी तिथूनच घरी नेईन.”

“आणि इकडे?”

“इकडे येऊ की रविवारी.”

भिंगरीचा एक बूट दारात होता आणि एक पलंगाखाली गेला होता. तो कुजबुजे काठीने ओढून काढत राहिले. मला त्यांचा दिवस ठाऊक होता. सकाळी पेपर, मग भाजी, मग घड्याळाकडे बघत बसणं. त्या माणसाचा दिवस सुरूच व्हायचा मुळी दुपारी, जिन्यात भिंगरीचे पाय वाजले की.

बूट निघाला. तो झटकत ते म्हणाले, “सुट्टी लागेपर्यंत थांब. एक काम, एकच, ती आपलं आपण सुरू करेल आणि आपलं आपण संपवेल. तू स्वतः येऊन बघ. नाही जमलं तर ने तिकडे. मी हूं की चूं करणार नाही.”

“बाबा, पैज आहे का ही?”

“पैज नाही गं. रंगीत तालीम समज.”

आता नाटकवाल्या माणसाने पोरीचं लक्ष लावायचं म्हटल्यावर तो पहिली गोष्ट कुठली करणार? अंधार! दुसऱ्याच दिवशी कुजबुज्यांनी ट्रंकेतून आमचा जुना काळा पडदा काढला, खिडकीवर ठोकला आणि टेबलावर एकच दिवा लावला. हिशेब सरळ होता. प्रेक्षागृहात अंधार केला की आठशे माणसं एका उजेडाकडे बघतात, मग एक पोरगी का बघणार नाही? पण भिंगरीला उजेडात काय आहे यापेक्षा अंधारात काय आहे याची उत्सुकता जास्त. ती पडद्यात शिरली ती बाहेर येईना. संध्याकाळी लेक आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

“बाबा, हे घर आहे की भुताचा प्रवेश?”

पडद्यामागून भिंगरी म्हणाली, “भूऽऽ!”

पडदा उतरला. मग कुजबुज्यांचा राग वळला किल्लीवाल्याकडे. त्याचं यंत्र सुरू झालं की ‘कर्रर्र’ असा आवाज येई आणि भिंगरी खिडकीकडे धावे. कुजबुजे खाली जाऊन म्हणाले, “दुपारी जरा हळू कापता येतील का?”

किल्लीवाला म्हणाला, “आजोबा, तुम्ही कुजबुजायचात ते ठीक. किल्लीला कुजबुजता येत नाही हो.”

तिसरी युक्ती मात्र खरंच चांगली निघाली. थिएटरात खेळाआधी तीन घंटा होतात. कुजबुज्यांनी एक पितळी घंटी आणली आणि भिंगरीला नियम सांगितला. पहिल्या घंटेला पाणी पिणं, शू करून येणं. दुसऱ्या घंटेला टेबलावरचं सगळं उचलायचं आणि ज्याच्याशी खेळायचं तेवढं एकच ठेवायचं. तिसऱ्या घंटेला सुरुवात. भिंगरी हरखली. पहिले काही दिवस ती नुसती घंटाच वाजवत होती. तिसरी घंटा होई आणि लगेच पुन्हा पहिली. नाटक काही सुरू होईना. पण हळूहळू तो खेळ अंगवळणी पडला. तिसऱ्या घंटेनंतर ती खुर्चीत बसू लागली. टेबल मोकळं असल्यामुळे डोळे भिरभिरायला जागाच नव्हती. मी कुजबुज्यांना म्हटलं, “जिंकलात!”

“अजून पहिला अंकच आहे, बाई,” ते म्हणाले.

खरंच होतं ते. सुरुवात व्हायची, शेवट होत नव्हता. टेबलावर असायची बटणांची डबी. आमच्या कपड्यांची बटणं होती ती. राजाच्या अंगरख्याची सोनेरी, पोलिसाच्या कोटाची चकचकीत, विधवेच्या झग्याची काळी. ती जाड दोऱ्यात ओवून माळ करायची, एवढंच काम. भिंगरी उत्साहाने ओवू लागे. मग थांबे. कुजबुजे शेजारून हळूच म्हणत, “आता लाल.” ती लाल ओवी. पुन्हा थांबे. “भोक मोठं आहे त्यातून घाल.” ती घाली. “दोरा सरळ धर. हां. आता काळं.” आणि काळं हातात घेऊन पोरगी खुर्चीवरून उतरायची आणि पळायची. बटणं टेबलाखाली गडगडायची. मी आणि कुजबुजे गुडघे धरून ती वेचत बसायचो.

खोटं कशाला सांगू, मी तिथेच बसलेली असायचे आणि माझ्याही काही ध्यानात आलं नाही. आम्हा नटांना ती कुजबूज आयुष्यभर इतकी सवयीची, की ती ऐकू येते हेच आम्हाला जाणवत नाही. अशी चूक करावी तर प्रॉम्प्टरने आणि ती दिसू नये तर नटाला!

सुट्टी जवळ आली आणि कुजबुज्यांचा घसा बसला. आवाज म्हणजे नुसती हवा. डॉक्टरांनी घशात डोकावून सांगितलं, “आठवडाभर बोलणं बंद.”

“बोलत नाही,” कुजबुजे कसेबसे म्हणाले, “कुजबुजतो.”

“ते तर अजिबात नाही. कुजबुजताना घसा उलट जास्त ताणला जातो.”

मला हसू आवरेना. म्हणजे ज्या धंद्यावर ह्या गृहस्थाचा संसार झाला, नेमकी त्यालाच बंदी! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावला.

त्या दुपारी मी त्यांच्या वतीने बोलायला म्हणून वर गेले. भिंगरीला आधीच सगळं कळलं होतं. तिने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. “आजोबांना बोलायला बंदी आहे. मावशीआजी, तुला पण.”

“मला का गं? माझा घसा शाबूत आहे.”

“मग आजोबांना एकट्याला वाईट वाटेल ना!”

मी पेपर उघडून बसले. भिंगरीने तीन घंटा वाजवल्या आणि बटणांची डबी पुढे ओढली.

दोन-चार बटणं ओवली आणि ती थांबली. हातात हिरवं बटण होतं. तिने ते उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि दुसरा बटणाच्या भोकाला लावला. कुजबुज्यांचं तोंड उघडलं. हात घशाकडे गेला. तोंड मिटलं. भिंगरी बघतच होती. पेपरच्या वरून मीही बघत होते. तिने बटण फिरवलं, दुसऱ्या भोकातून पाहिलं. मग ते बाजूला ठेवलं, डबीत बोटं घालून तेवढ्याच आकाराचं दुसरं शोधलं, दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिली आणि मगच ओवली. दोन्ही, एकामागोमाग एक. खाली यंत्र कर्रर्र करत होतं. तिने मानसुद्धा वर केली नाही.

ती पुन्हा थांबली. कुजबुजे स्टुलावर पुढे झुकले, अगदी विंगेत झुकायचे तसे. आणि मग मंडळी, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मी रंगभूमीवर कुणाला करून दाखवताना पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली, मग भिंगरीच्या डोळ्यांकडे दाखवली, मग तीच बोटं आपल्या छातीवर टेकवली, आणि मान हलवली. नाही.

मला लख्ख कळलं. ती विंगेकडे बघत नाहीये.

माळ लांबत गेली. शेवटी गाठ मारायची वेळ आली. दोऱ्याची दोन टोकं एकमेकांवरून सारखी निसटत होती. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि मग तिने मान वळवली आणि आजोबांकडे बघितलं. कुजबुजे उठले. एक शब्द न बोलता त्यांनी आपलं बोट दोऱ्यांच्या फुलीवर दाबून धरलं. गाठ तिने मारली.

“झाली!” ती ओरडली, आणि ती माळ माझ्या गळ्यात आली. राजा, पोलीस आणि विधवा एकत्र.

घसा सुटल्यावर कुजबुजे माझ्याकडे चहाला आले. आवाज अजून खरखरीत होता. कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, “मी पोरीला विसरलेली समजत होतो, बाई. ती थांबलेली होती.”

“चालायचंच हो.”

“चालायचं कसं? चांगली विचार करत असायची आणि दर वेळी मी मध्ये शब्द टाकायचो. तिच्या वतीने लक्ष मीच देत होतो. मग तिने कशाला द्यायचं?”

कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. इतक्या वर्षांची जीभ अशी एका आठवड्यात बसते होय? कुजबुजे दुपारी तोंडात खडीसाखरेचा खडा धरू लागले, म्हणजे बोलता येऊ नये. भिंगरी म्हणाली, “मला पण.” मग दोघांच्याही गालात एकेक खडा आणि घर गप्प. सगळ्याच दुपारी काही छान गेल्या नाहीत. एकदा ती तिसरी घंटा वाजवून सरळ पलंगाखाली जाऊन झोपली. एकदा माळ अर्धी टाकून रडत बसली, का ते तिलाही सांगता येईना. कुजबुज्यांनी डबी बंद करून ठेवली आणि म्हणाले, “आजचा खेळ रद्द. तिकिटं उद्या चालतील.” दुसऱ्या दिवशी ती तिथूनच पुढे ओवायला बसली.

सुट्टीआधीच्या शनिवारी लेक दुकानातून लवकर सुटून आली. हातात पिशवी. कुजबुज्यांनी सकाळपासून टेबल पुसून ठेवलं होतं, डबी मधोमध, दोरा कापून तयार. मलाही बोलावलं होतं, म्हणाले, “प्रेक्षक हवा.” पण भिंगरीने डबीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने आईची पिशवी उघडली.

“हे काय आहे?”

“मटार. घरी जाऊन सोलायचेत.”

“मी सोलणार. सगळे.”

कुजबुज्यांचा चेहरा उतरला. पिशवी चांगली फुगलेली होती आणि भिंगरीने जन्मात शेंग सोलली नव्हती. तालीम एका नाटकाची आणि प्रयोग दुसऱ्याच! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि बटणांची डबी उचलून जागा करून दिली.

शेंगा टेबलावर पसरल्या. पहिली शेंग तिने मधोमध मोडली, दाणे जमिनीवर उडाले. लेक लगेच पुढे झाली. “अगं, अशी नाही, टोकाकडून दाब—”

कुजबुज्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“पण बाबा, तिला येत नाहीये.”

त्यांनी हात काढला नाही. भिंगरीने शेंग उलटी केली, चावून पाहिली, दाबून पाहिली. फट्! शेंग शिवणीवर उघडली. ती त्या उघड्या शेंगेकडे बघत राहिली. बघतच राहिली.

“थांबली बघा,” लेक हळूच म्हणाली. “आता उठणार.”

“थांबू दे,” खडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. “तुझ्याकडे बघतेय का ती?”

“नाही.”

“मग तिचं चाललंय.”

लेकीच्या तोंडून स्वतःशीच बोलल्यासारखं निघालं, “दुकानात माणूस खालच्या ओळीवर अडकतो, तेव्हा मी अक्षर सांगत नाही. सांगितलं तर नजर कशी कळणार? वाट बघते. हिच्या बाबतीत मात्र...” पुढचं वाक्य तिने सोडून दिलं आणि खुर्ची ओढून बसली.

भिंगरीने शेंगेतले दाणे एकेक करून टेबलाच्या कडेला मांडले. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान, आणि शेवटचा इवलासा. मग दुसरी शेंग. वाटीत दाणे टपटप पडू लागले. मधूनच एखादा तोंडात जाई. कुणी काही म्हणालं नाही. लेकीने चहा केला. आपला कप तिने गरम असतानाच पूर्ण प्यायला, आणि हे तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी रिकाम्या कपाकडे बघत बसली.

शेवटी थोड्या चपट्या शेंगा उरल्या. भिंगरीने एकेक उजेडाकडे धरली आणि बाजूला सारली.

“या राहिल्या की,” मला राहवेना.

“यांच्यात कोणी राहत नाही, मावशीआजी,” ती म्हणाली आणि वाटी दोन्ही हातांनी उचलून आईसमोर ठेवली. “झालं. सगळं.”

आईने तिला जवळ ओढून कपाळावरचे केस मागे सारले. मग वडिलांना म्हणाली, “बाबा, मी शाळेमागची ती जागा सोडत नाहीये.”

कुजबुज्यांनी मान डोलावली. हूं नाही की चूं नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस.

“ऐकून तरी घ्या. आठवड्यातून दोन दिवस जाऊ दे तिला तिकडे. तिच्या वयाची मुलं आहेत तिथे. तुम्ही आणि मावशी मिळून तिच्याशी पकडापकडी खेळणार आहात का?”

“मी राज्य घेईन,” मी म्हटलं. “पण मग पकडणार कुणाला, ते विचारू नका.”

“बाकीच्या दुपारी तुमच्याकडे. आणि मला जरा शिकवा, घरी कसं करायचं ते. घरी मी दिवसभर तिच्या मागे ‘हे कर, ते कर’ करत असते.”

कुजबुज्यांनी उरलेला खडा कडकन चावून टाकला.

“कुठले दोन दिवस?”

“तुम्हीच सांगा.”

“मंगळवार ने. गुरुवार ने.” ते जरा घुटमळले. “सोमवार मात्र मला दे. रविवारी तुम्ही आला नाहीत, तर बुधवारपर्यंत फार लांब पडतं.”

“दिला सोमवार,” लेक म्हणाली आणि मटारची वाटी उचलून आत गेली.